निळ्या बाटलीला हात लावताना

तेलाच्या किंवा शॅम्पूच्या जुन्या ब्रँडला नवे रूप द्यायचे ठरले, की पहिली बैठक रंगांचे नमुने पसरून होते. त्या बैठकीत खरे तर किराणा दुकानदाराला बसवायला हवे. पॅराशूट खोबरेल हवे असणारे गिऱ्हाईक पुष्कळदा ‘ती निळी बाटली द्या’ एवढेच म्हणते, हे तोच सांगेल. म्हणून आधी यादी करायची ती काय बदलायचे नाही याची.

आकारही उगाच ठरलेला नसतो. खोबरेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात यायचे. प्लास्टिकला दुकानदार तयार नव्हते, कारण आधी बाजारात आलेल्या चौकोनी बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिकोने बाटली गोल केली, उंदराच्या दाताला कोपराच ठेवला नाही. भरलेल्या बाटल्या उंदरांबरोबर पिंजऱ्यात ठेवून दुकानदारांची खात्रीही पटवली. तेव्हा ‘गोल आकार जुनाट वाटतो’ म्हणणाऱ्याने जरा दमाने घ्यावे. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणून थंडीसाठी रुंद तोंडाची बरणी वेगळी लागते.

शॅम्पूची बाटली तर ओल्या हाताने, डोळे मिटून उचलली जाते. जपानच्या काओ कंपनीने १९९१ मध्ये शॅम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक खाचा दिल्या. अंध माणसालाही शॅम्पू कुठला आणि कंडिशनर कुठला हे बोटांनी कळावे, हा हेतू. या कल्पनेवरचा हक्क न बजावता कंपनीने ती इतरांनाही वापरू दिली. इतके शहाणे डिझाइन मला तरी दुसरे आठवत नाही.

मग येतात शब्द, आणि इथे डिझायनरपेक्षा वकील जास्त बोलतो. निळ्या बाटलीतले खोबरेल खाद्यतेल म्हणून विकले जाते. छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल खायचे की डोक्याला लावायचे, हा वाद कराच्या दरापायी वर्षानुवर्षे चालला. बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही, लेबलवर तसे म्हटले असेल तर गोष्ट वेगळी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. तेव्हा खाद्यतेलावर जीएसटी ५ टक्के होता, केसांच्या तेलावर १८. सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर ५ टक्के झाला. तरी खाद्यपदार्थाचे लेबल आणि सौंदर्यप्रसाधनाचे लेबल यांचे नियम निराळेच आहेत. लांबसडक केसांच्या बाईचे चित्र हौसेने टाकण्याआधी विचारून घेतलेले बरे.

छपाईत खरी गंमत स्लीव्हची. ही प्लास्टिकची पातळ नळी सपाट असताना छापतात, बाटलीवर चढवतात आणि वाफेच्या बोगद्यातून नेतात. तिथे ती आकसून बाटलीला घट्ट बसते. मानेपाशी बाटली अरुंद, त्यामुळे आकसणेही तिथेच जास्त. गोल चिन्ह लांबुळके होते. म्हणून आधी नुसत्या चौकटी छापलेली स्लीव्ह चढवून बघतात. कुठली चौकट किती दबली ते मोजून मूळ चित्र तेवढेच उलट ताणून ठेवतात. संगणकावर बेढब दिसणारे अक्षर बाटलीवर सरळ येते. बारकोडही आडवा घालतात, शिडीच्या पायऱ्यांसारखा. उभा घातला तर पट्ट्यांमधली जागा आकसते आणि यंत्र वाचत नाही.

वेबसाइटचे काम याच्या बरोबरीने सुरू करावे, शेवटी उरकू नये. मोबाइलवर बाटली अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. मागचा बारीक मजकूर तिथे निरुपयोगी. पण एमआरपी, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती ऑनलाइन विक्रीतही दाखवावी लागते, म्हणून ती अक्षरांत वेगळी द्यायची. लेबलचा फोटो काढून भागत नाही.

राहता राहिला बदलाच्या तारखेचा घोळ. साइटवर फोटो नवा आणि गोदामातून निघाली जुनी बाटली, तर गिऱ्हाईक ती नकली समजून परत पाठवते. जुना माल संपेपर्यंत दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे, आणि ‘रूप नवे, तेल तेच’ ही ओळ नव्या बाटलीबरोबर साइटवरही लिहायची.