लंडनमध्ये घर परवडेना, म्हणून बोटीवर राहायला जायचं? आधी हे समजून घ्या

हाऊसबोट म्हटलं की आपल्याला काश्मीरचं दल सरोवर नाहीतर केरळचं बॅकवॉटर आठवतं. दोन रात्रींचं पॅकेज, फोटो, रील, संपलं. इंग्लंडमध्ये मात्र हजारो लोक बारा महिने बोटीवरच राहतात. लंडनच्या रीजेंट्स कालव्याच्या काठाने चाललात तर एकामागे एक लांबट, अरुंद बोटी उभ्या दिसतील. छतावर सायकल, कोळशाची पोती, कुंड्या, धुरांड्यातून निघणारा धूर.

घरभाडं वाचतं, रोज नवा शेजार, खिडकीबाहेर बदकं. ऐकायला भारी आहे. पण चुकीची बोट घेतली तर एका झटक्यात साठवलेले पैसे आणि राहतं घर दोन्ही जाऊ शकतं.

बोट इतकी अरुंद का?

या बोटींना नॅरोबोट म्हणतात. रुंदी साधारण 6 फूट 10 इंच. ही काही फॅशन नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या काळात मालवाहतुकीसाठी कालवे खोदले गेले. चढ-उतारावर बोट वर-खाली नेण्यासाठी दोन दरवाजांमध्ये पाणी भरायचं किंवा सोडायचं, त्या टाकीसारख्या बांधकामाला लॉक म्हणतात. पाणी आणि खर्च वाचावा म्हणून मध्य इंग्लंडमधले लॉक जेमतेम 7 फूट रुंद बांधले. ते आजही तसेच आहेत.

म्हणजे बोट निवडताना तुमच्या आवडीच्या आधी अडीचशे वर्षांपूर्वीची लॉक बघावी लागतात. 10-12 फूट रुंदीची वाईडबीम बोट घेतली तर आत ऐसपैस वाटतं, पण ती या अरुंद लॉकमधून जाणारच नाही. दक्षिणेतली वाईडबीम कालव्यांमधून उत्तरेकडे नेता येत नाही, ट्रकवर चढवून न्यावी लागते. लांबीचंही तसंच. 70-72 फुटी बोटी असतात, पण उत्तरेतले काही लॉक आखूड आहेत. म्हणून जवळपास सगळीकडे जाऊ शकणारी 57 फुटी बोट जास्त खपते.

तिच्यात जागा किती? पुढचं-मागचं टोक आणि इंजिन सोडलं तर साधारण 40 फूट लांब आणि 6 फूट रुंद, म्हणजे 240 चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची होती. फरक इतकाच की इथे सगळी जागा एका ओळीत आहे. कोणी स्वयंपाक करत असेल तर दुसऱ्याने अंग चोरूनच पुढे जायचं.

उभी कुठे करणार?

खरी मेख इथे आहे. बरेच जण आधी बोट पसंत करतात आणि जागेचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा.

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. तिचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, बोट बांधायची ठरलेली जागा, म्हणजे मूरिंग. त्यातही फसगत होते, कारण अनेक मूरिंग फक्त सुट्टीत वापरायच्या बोटींसाठी असतात आणि तिथे कायम राहायला परवानगी नसते. राहण्याची परवानगी असलेली जागा लंडनमध्ये मिळणं कठीण आणि महाग.

दुसरा रस्ता म्हणजे फिरतं राहणं. 1995 च्या कायद्यानुसार ठरलेली जागा नसलेल्या बोटीने एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पुलापलीकडे जाऊन परत आलो, हे चालत नाही. वर्षभरात 15-20 मैलांच्या पट्ट्यापेक्षा कमी फिरलेल्या बोटीचं समाधानकारक मानलं जाणं अवघड, असं ट्रस्ट सांगतो. मुलांची शाळा एका टोकाला आणि बोट दुसऱ्या टोकाला, अशी कुटुंबं यात पिचतात. नियम मोडत राहिलं तर लायसन्स जातं आणि शेवटी बोट पाण्यातून उचललीही जाऊ शकते. त्यात 2024 पासून फिरत्या बोटींना लायसन्ससाठी जादा पैसे मोजावे लागतात.

आतलं लाकूडकाम नको, बुडाचा पत्रा बघा

विकायला काढलेल्या बोटीचे फोटो बघितले की नवं किचन, फेअरी लाइट्स, गालिचा दिसतो. पाण्याखालचा पत्रा दिसत नाही, आणि किंमत तर त्याचीच असते. आजकालच्या नव्या बोटीला साधारणपणे तळाला 10 मिमी आणि बाजूंना 6 मिमी पोलाद असतं. गंजून ते 4 मिमीच्या खाली गेलं की अनेक विमा कंपन्या हात वर करतात. विमा नाही तर लायसन्स नाही. मग वरून नवा पत्रा वेल्ड करायचा, आणि तो खर्च छोटा नसतो.

म्हणून बोट पाण्याबाहेर काढून, आपण नेमलेल्या सर्व्हेअरकडून जाडी मोजून घ्यायची. विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या रिपोर्टवर जायचं नाही. दर चार वर्षांनी लागणारं बोट सेफ्टी सर्टिफिकेट आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यात गॅस, आग, वायरिंग तपासतात, पत्र्याची जाडी नाही. दोन-तीन वर्षांनी तळाला काळा लेप द्यावा लागतो, त्याच्या पावत्या मागाव्यात.

आणि हो, संडास. बोटीवाले भेटले की गप्पा तिथेच येतात. टाकीवाला असेल तर ती उपसायला बोटच ठरलेल्या ठिकाणी न्यावी लागते. थंडीत कालवा गोठला तर बसा. कॅसेटवाला असेल तर साधारण 20 लिटरचा डबा हाताने उचलून रिकामा करायचा. कंपोस्टवाला ऐकायला पर्यावरणपूरक, पण तो मैला ट्रस्टच्या कचराकुंडीत टाकता येत नाही.

हिवाळ्यात सोलर पॅनल जवळपास शोभेचेच. बॅटरीसाठी इंजिन चालवायचं, पण रात्री 8 ते सकाळी 8 ते बंद ठेवायचं. उबेसाठी कोळशाची शेगडी, तीही बंद पत्र्याच्या खोलीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. 2019 पासून या वायूचा अलार्म बसवणं सक्तीचं आहे.

पैशांचं शेवटचं गणित: घरासारखं गृहकर्ज बोटीवर मिळत नाही, आणि किंमत घरासारखी वाढेल असंही नाही. विकणाऱ्याचं लायसन्स खरेदीदाराच्या नावावर होत नाही, नवं काढावं लागतं. जाहिरातीत दिसणारं मूरिंगही बोटीबरोबर मिळेलच असं नाही. ते पैसे देण्याआधी, जागेच्या मालकाकडून लेखी घ्यायचं.