पुसून टाकणाऱ्या आज्ञेचं वर्णन

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी उद्योजक जेसन लेमकिन ‘रेप्लिट’ या सेवेच्या एआय एजंटकडून सॉफ्टवेअर तयार करून घेत होते. आता परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी एजंटला बजावलं होतं. तरीही त्याने चालू डेटाबेस पुसून टाकला. १,२०६ अधिकाऱ्यांच्या आणि १,१९६ कंपन्यांच्या नोंदी गेल्या. विचारल्यावर, त्या परत आणता येणार नाहीत, असंही त्याने सांगितलं. लेमकिन यांनी तरीही जुन्या स्थितीकडे परतण्याची सोय वापरून पाहिली आणि नोंदी परत मिळाल्या! रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली. चाचणीचा आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणली.

डेटा पुसला गेला, याची चर्चा खूप झाली. पण काय परत मिळतं आणि काय मिळत नाही, याबद्दल एजंटने ठामपणे चुकीचं सांगितलं, ही चूकही तितकीच गंभीर आहे.

एजंटला एखादं साधन वापरायला दिलं जातं तेव्हा त्याच्यासमोर मोजक्या गोष्टी येतात : साधनाचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तपशील. माणसाला मागच्या वेळची फजिती आठवते, शेजारचा सहकारी ‘अरे, थांब’ म्हणतो. एजंटच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा ते वर्णनच येतं. त्यात ‘डेटाबेस नव्याने सुरू करतो’ एवढंच लिहिलं असेल, तर टेबलांची रचना जुळत नाही अशी त्रुटी दिसताच एजंटला तो सर्वांत जवळचा उपाय वाटू शकतो. रचना जुळते खरी, पण आतला डेटा गेलेला असतो.

म्हणून अशा साधनाच्या वर्णनात पहिल्याच वाक्यात नुकसान सांगायला हवं. कोणती टेबलं जातील, खऱ्या डेटाबेसवर हे चालवायचं की नाही, बॅकअप कुठे आहे, तो परत कसा आणायचा. शिवाय एक गोष्ट हमखास राहून जाते : हे साधन कशासाठी वापरायचं नाही, तेही लिहावं लागतं.

अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये आता यासाठी खुणांची सोय आहे. साधन फक्त वाचतं की बदल करतं, बदल विध्वंसक असू शकतो का, हे त्यांतून कळतं. बदल करणाऱ्या साधनाबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर ते विध्वंसक असू शकतं असं धरलं जातं. हा सावधपणा योग्यच आहे. मात्र या खुणा केवळ सूचना आहेत, अनोळखी सर्व्हरकडून आलेल्या खुणांवर विसंबू नये, असंही तिथेच बजावलेलं आहे.

बॅकअपविषयी लिहिलेलं तपासूनही पाहावं लागतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’मध्ये एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तसं कळवणाऱ्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं.

‘प्रिझ्मा’ या डेटाबेस-साधनाने ऑगस्ट २०२५ मध्ये नुसत्या वर्णनाच्या पुढचं पाऊल टाकलं. सगळा डेटा पुसणारी आज्ञा एखादा परिचित एआय एजंट चालवत असेल, तर प्रिझ्मा ते ओळखून तिथेच थांबतं. पडद्यावरचा संदेश थेट एजंटला उद्देशून असतो : काम थांबव, काय नष्ट होईल ते वापरकर्त्याला सांग, स्पष्ट संमती घे. संमती मिळाली तर वापरकर्त्याचे शब्द एका ठरावीक सेटिंगमध्ये जसेच्या तसे द्यावे लागतात. एरवी कुठल्या तरी पानावर पडून राहिली असती ती सूचना इथे नेमकी गरजेच्या क्षणी वाचली जाते.

ही संमती एजंट स्वतः रचूनही लिहू शकतो. त्यामुळे खऱ्या डेटाबेसमध्ये त्याला फक्त वाचण्याची मुभा देणं हाच भक्कम बंदोबस्त. आणि ती मर्यादा मुद्दाम घातली आहे, हेही वर्णनात नोंदवायला हवं. नाहीतर नकाराला बिघाड समजून एजंट दुसरी वाट शोधू लागतो.