गाभ्यातील समुद्र

समुद्रतळात किंवा जमिनीत विहीर खणताना पोकळ वेधकाने खडकाचा जो अखंड दंडगोल वर काढतात, त्यास गाभा म्हणतात. त्याचा व्यास साधारणतः १० सेंटिमीटर. एवढ्याशा खडकावरून लक्षावधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचे रूप कसे ठरते, हे भाषेच्या अभ्यासकानेही समजून घ्यावे असे आहे. कारण ही रीत पोथीच्या पाठचिकित्सेशी बरीच जुळते.

गाभा उभा चिरून खालून वर वाचतात, कारण जुना थर तळाशी असतो. लाटांच्या माऱ्यात चिखल टिकत नाही, वाळू मागे राहते. चिखल बसतो तो निवांत पाण्यात. दोन्ही बाजूंचा उतार सारखा असलेली तरंगचिन्हे लाटांच्या ये-जा करण्याची खूण होत. वाळूच्या थरांमध्ये जोडीजोडीने येणारे चिखलाचे पापुद्रे भरती-ओहोटी सुचवितात. सरकत्या वाळूत राहणारे जीव बहुधा उभी बिळे करतात, तर शांत चिखलात अन्न शोधणारे आडवे माग ठेवतात.

तथापि एकाच खुणेवर विसंबता येत नाही. तरंगचिन्हे सरोवरातही उमटतात. म्हणून सागरी जीवाश्मांची साक्ष काढावी लागते. शिवाय थरांचा क्रम पाहावा लागतो. जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये मांडले की, खंड न पडता एकावर एक आलेले थर हे मुळात शेजारी-शेजारी असलेल्या परिसरांचे असतात. तळाशी चिखल, त्यावर बारीक वाळू, मग जाड वाळू आणि माथ्यावर वनस्पतींच्या मुळांच्या खुणा असा क्रम दिसला, तर किनारा हळूहळू समुद्राकडे सरकला असे समजावे.

यातील 'खंड न पडता' ही अट महत्त्वाची. पोथीतील गहाळ पानाप्रमाणे गाभ्यातही काळ गहाळ असतो. समुद्र हटला, तळ उघडा पडला, झिजला, आणि पाणी परतल्यावर नवा थर बसला, तर मध्ये केवळ एक खडबडीत रेघ उरते. ती नजरेतून सुटली तर सारा अर्थ बदलतो.

ही चूक केवळ पुस्तकी राहत नाही. मुंबईच्या पश्चिमेस १९७४ मध्ये सापडलेल्या 'बॉम्बे हाय' क्षेत्रातील पुष्कळसे तेल मायोसीन काळातील उथळ समुद्राच्या चुनखडकात आहे. तो चुनखडक मधूनमधून पाण्याबाहेर आला. पावसाच्या पाण्याने त्याचा काही भाग विरघळून छिद्रे पडली, आणि पुढे त्यांतच तेल साठले. म्हणजे समुद्र नसल्याची खूणच येथे तेलाच्या जागेकडे बोट दाखविते. अशा खुणा अनेक विहिरींच्या गाभ्यांत ताडून पाहाव्या लागतात; कारण दोन विहिरींमधला खडक कोणीच पाहिलेला नसतो. तेथील जोडणी चुकली, तर नवी विहीर कोरडी जाते. जे लिहिले आहे ते वाचावे, आणि जे पुसले गेले आहे त्याचीही नोंद घ्यावी, ही शिस्त पोथी आणि खडक दोहोंना सारखीच लागू आहे.