मोबाईलवरची तपासणी आणि सिव्हिलची रांग

सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या तरुणाला लैंगिक संसर्गाची शंका आली, तर आता मोबाईलवरून खासगी लॅबची तपासणी बुक करता येते. लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेतो, नळीवर बारकोड चिकटवतो आणि रिपोर्ट फोनवर येतो.

पैसे भरण्याआधी पॅकेजमध्ये काय आहे ते वाचावं. पुष्कळ पॅकेजांत रक्ताच्याच तपासण्या असतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल. गनोरिया आणि क्लॅमिडिया त्यांत सापडत नाहीत. त्यासाठी पुरुषाला लघवीची पहिली धार द्यावी लागते, तीही आधी तासभर लघवी न करता. स्त्रियांसाठी योनिमार्गातला स्वॅब जास्त खात्रीचा. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला गनोरिया असू शकतो. घाईही नडते. संबंधानंतर चार दिवसांत केलेली एचआयव्ही तपासणी काहीच सांगत नाही. रॅपिड टेस्टसाठी तीन महिन्यांपर्यंतचा काळ धरतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की पुढचं काम ॲपच्या हातात राहत नाही. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह असेल तर टीपीएचए ही दुसरी रक्ततपासणी करून खात्री करतात. सिफिलिस सुरुवातीच्या टप्प्यातला असेल, तर 24 लाख युनिट बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि जोडीदारालाही तपासावं लागतं. एचआयव्हीसाठी नव्या सिव्हिल रुग्णालयात किंवा स्मीमेर रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र, आहे. तिथे समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्तावर वेगवेगळ्या किटने आणखी दोन टेस्ट होतात, तेव्हाच निदान पक्कं धरतात. हे सगळं मोफत. संमती आणि गोपनीयतेला सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याचा आधार आहे.

मग ऑनलाइन तपासणीमुळे दवाखान्यातली गर्दी कमी होते का? लंडनच्या लॅम्बेथ आणि सदर्क भागांतला 2017 चा अभ्यास बघा. ज्यांना ऑनलाइन तपासणीची सोय कळवली, त्यांतल्या निम्म्यांनी सहा आठवड्यांत तपासणी केली. ज्यांना फक्त दवाखान्यांची माहिती दिली, त्यांत हे प्रमाण सुमारे 27 टक्के होतं. म्हणजे एरवी जे तपासायलाच गेले नसते, तेही पुढे आले. लक्षणं नसलेल्यांची ये-जा कमी होऊ शकते, पण त्यांतून सापडलेले रुग्ण उपचारांसाठी दवाखान्यातच येणार. माझ्या मते याला यशच म्हणायला हवं.

सुरतेत अडचण निराळी आहे. पांडेसऱ्यात लूमवर बारा तासांची पाळी करणारा कामगार एका खोलीत अनेकांबरोबर राहतो. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले तिथेच आडवे होतात. रक्त घ्यायला आलेल्या माणसाला तो कुठे बसवणार? घरचा मोबाईल चौघांच्या हातात फिरत असेल, तर रिपोर्ट कोण उघडेल याचाही नेम नाही. त्याच्यासाठी समुपदेशकाची दार लागणारी खोलीच जास्त खासगी. पण तिथे दिवसा जायचं तर एक खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून ऑनलाइन सोयीइतकीच निकड कामगार वस्त्यांजवळ संध्याकाळी उघड्या राहणाऱ्या तपासणी केंद्राची आहे. तोवर शंका असली तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं. जखम, पू किंवा जळजळ असेल तर मात्र पॅकेज शोधत बसू नये. सरळ लैंगिक आजारांसाठीचं सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ गाठावं.