आजीचे काळे यंत्र आणि माहेरची गोधडी

गेल्या दिवाळीपूर्वी घराची झाडलोट चालली असताना माळवदाच्या खोलीतून आजीचे शिवणयंत्र बाहेर निघाले. वीस-बावीस वर्षे ते पोत्याखाली पडून होते. चाक जाग्यावरून हलेना. वडील म्हणाले, ‘‘द्या भंगारात.’’ आमचे करमाड औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ते जालना या रस्त्यावर आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळ्या करतात, आणि तिकडे जाणारे भंगाराचे ट्रक आमच्या दारावरून रोज जातात. भंगारवाल्याने यंत्र उचलून पाहिले आणि लोखंडाच्या भावाने साडेतीनशे रुपये सांगितले.

आजी ओट्यावर बसली होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘इकायची तं इका. पण आधी मही एक गोधडी शिवा तिच्यावर.’’

माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. तिच्यासाठी आजीने कपडे काढून ठेवले होते : आजीच्या सासूचे एक लुगडे, आजोबांची दोन धोतरे, आईच्या सुती साड्या. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही आजीला नीट दिसत नाही, बोटे कापतात, सुईत दोरा ओवता येत नाही. भंगारवाला परत गेला आणि यंत्र माझ्या गळ्यात पडले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. यंत्रांशी माझा संबंध सायकलपुरता. त्या दोन महिन्यांत जे शिकले, ते माझ्या मित्रमैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेख.

हे यंत्र आमच्या पणजोबांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर जालन्याच्या एका शिंप्याकडून जुनेच विकत घेतले आणि मीटरगेज गाडीने करमाडला आणले. पण ते त्याहून बरेच म्हातारे आहे. सिंगर कंपनीच्या यंत्राच्या बैठकीवर उजव्या बाजूला एक क्रमांक कोरलेला असतो. १९०० नंतर त्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येऊ लागले आणि अक्षरावरून कारखाना व काळ सांगता येतो. आमच्या यंत्रावर ‘वाय’ आहे. म्हणजे ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे तयार झाले. तो कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. कारखाना गेला, यंत्र मात्र आमच्या खोलीत उरले!

शिवणयंत्राचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात नाही, पण असावा इतका तो बोलका आहे. फ्रान्समधील बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी आपले पोट जाईल या भीतीने त्याच्या कारखान्यातली यंत्रे फोडून टाकली. अमेरिकेत इलायस हाउ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये पेटंटे घेतली. १८५६ पासून सिंगर कंपनी यंत्रे हप्त्याने विकू लागली आणि साध्या घरांतही यंत्र शिरले. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० नंतरच्या दशकात ‘उषा’ यंत्रे काढली. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी त्याने ते केले, असे ते मानत. सिंगरचे खरे चरित्र एवढे सोज्ज्वळ नाही, पण गांधीजींच्या म्हणण्यातला मुद्दा आजीला पाहिले की पटतो. १९७२ च्या दुष्काळात ती दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात या यंत्रावर गावातल्या बायकांच्या चोळ्या व पोरांच्या बंड्या शिवायची. धान्य कोणाकडेच नव्हते, म्हणून शिलाई पुष्कळदा उधारच राही.

आता यंत्राकडे वळू. हाताने शिवताना एकच दोरा कापडाच्या खालीवर जातो. यंत्रात दोरे दोन असतात. हाताच्या सुईचे नेढे मागे असते, यंत्राच्या सुईचे टोकाजवळ. सुई खाली जाऊन किंचित वर येऊ लागते तेव्हा वरच्या दोऱ्याचा फास सुटतो. खालचा आकडा तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि दोन्ही दोऱ्यांची कापडाच्या मध्यावर अढी पडते. त्याहून जुन्या यंत्रांत होडीच्या आकाराचा धोटा त्या फासातून आरपार जातो. कापड पुढे सरकवण्याचे काम खालचे दात करतात आणि वरून कापडाला दाबून धरते ती दाबपट्टी. एवढे समजले की निम्मी दुरुस्ती समजली.

अडकलेले जुने यंत्र बहुधा मोडलेले नसते. आतले तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. चाकाला जोर लावू नये. जिथे लोखंड लोखंडावर घासते अशा प्रत्येक सांध्यात रॉकेलचे चार थेंब सोडावेत, रात्रभर थांबावे, सकाळी चाक हळूच मागेपुढे करावे. आमचे चाक पाचव्या दिवशी सुटले. मग रॉकेल पुसून मशीनचे पातळ तेल घालावे. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही नको, त्यानेच डिंक होतो. अंगावरची सोनेरी नक्षी स्पिरिटने पुसू नये, कारण वरचे लाखेचे रोगण विरघळते आणि नक्षीही जाते. दातांखाली आणि आकड्यात साठलेला कापसाचा भुगा काढावा. आमच्या यंत्रातून निघालेल्या भुग्यात खणाच्या चोळीचा जांभळा तंतू होता. आजीने तो कितीतरी वेळ तळहातावर धरला.

सुई मात्र नवी घ्यावी. गोधडीसाठी सोळा किंवा अठरा नंबरची. सुईच्या मुठीची एक बाजू चपटी असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा, त्याच्या विरुद्ध बाजूला ती चपटी बाजू यावी. सुई उलटी बसली तर टाकाच पडत नाही, आणि माणूस विनाकारण यंत्राला दोष देतो. मी दोन दिवस दिला.

पहिली गोधडी मी बिघडवली. आजी हाताने शिवताना काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत जाते. मीही तसेच केले. मध्यावर पोचेपर्यंत वरच्या कापडाची मोठी चूण जमा झाली. त्याचे कारण असे : यंत्राचे दात सर्वांत खालच्या थराला ओढतात आणि दाबपट्टी वरच्या थराला मागे रेटते. पाच थर असले की प्रत्येक टाक्याला थोडा थोडा फरक पडत जातो. हाताची सुई सगळे थर एकदम उचलते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. सगळी शिवण उसवताना सासूबाईंचे लुगडे दोन ठिकाणी फाटले. आजी काही बोलली नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या वेळी शिस्तीने काम केले. गोधडी जमिनीवर ताणून पसरली आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर आधी टाचून घेतले. दाबपट्टीच्या दांड्यावरचा स्क्रू फिरवून दाब कमी केला, वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल केला, टाका मोठा ठेवला, इंचाला सात-आठ. सुरुवात मध्यापासून करून काठाकडे गेले, म्हणजे चूण बाहेर निघून जाते. यंत्राच्या कमानीखाली जागा वीतभरच असते, म्हणून अर्धी गोधडी चटईसारखी गुंडाळून तिथून सरकवावी लागते. आमचे हातमशीन, एका हाताने दांडी फिरवायची तर गोधडी सांभाळायला एकच हात उरतो. म्हणून दांडी आईने फिरवली आणि दोन्ही हातांनी कापड मी धरले. दांडीच्या एका फेऱ्याला साधारण तीन टाके पडतात, त्यामुळे जाड जागी थबकत थबकत जाता येते. पाच थरांच्या शिवणीवर हे बिडाचे यंत्र एकदाही अडखळले नाही.

गोधडी झाली. आजीने ती अंगावर घेतली, चाचपली आणि म्हणाली, ‘‘कडक झाली गं. ही अंगावर राहती, अंगाला बिलगत नाही.’’ तिचे खरे होते. यंत्राची दुहेरी शिवण पक्की असते, पण जवळजवळ घातली तर कापड ताठ होते. शेवटी तडजोड झाली. यंत्राच्या मधल्या एकाआड एक ओळी मी काढून टाकल्या. उरलेल्या ओळींत वीतभर अंतर राहिले, आणि त्या मोकळ्या पट्ट्यांत हाताचा धावदोरा घातला. सुया ओवून मी द्यायच्या, टाके आजीने घालायचे. ते वाकडे पडले, तसेच ठेवले. ताईचा मुलगा आता त्याच गोधडीवर पालथा पडतो.

हे कळल्यावर गावातून आणखी दोन यंत्रे माझ्याकडे आली. एक पायमशीनची ‘उषा’, तिला फक्त नवा चामडी पट्टा लागला. दुसऱ्या सिंगरवर १८५१ ते १९५१ असा शतकमहोत्सवी बिल्ला आहे. एके दिवशी एक अनोळखी गृहस्थ यंत्रात ‘लाल पारा’ आहे का, असे विचारीत दाराशी आले. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा उठून जुन्या सिंगर यंत्रांच्या किमती भलत्याच चढल्या होत्या. मी त्यांना सांगितले, यात तेल आहे आणि भुगा आहे. ते हिरमुसून गेले.

जुनी यंत्रे दिवाणखान्यात शोभेला ठेवणारे लोक आहेत, आणि भंगारात घालणारेही आहेत. मला दोन्ही एकाच प्रकारचे वाटू लागले आहेत, कारण दोघांच्याही हाती गेलेले यंत्र शिवायचे थांबते. तुमच्या घरी माळ्यावर असे काळे यंत्र असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी पाच दिवस रॉकेलचे थेंब टाकून पाहा. आणि ज्यांनी ते चालवले त्या घरात अजून असतील, तर आधी त्यांना विचारा. वडिलांनी परवा स्वतःहून तेलाची नवी बाटली आणली. आजीने पुढच्या गोधडीचे कपडे काढून ठेवले आहेत. ती कोणासाठी, ते मात्र सांगत नाही.