कांडीवालीचा दिवस

पहाटे पाच. इचलकरंजीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी कांडीवालीची, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईची, पहाट घागरी आणि बॅरल भरण्यात जाते. पंचगंगा गावाला लागून वाहते, तरी तिचं पाणी इतकं खराब झालंय की गावाला कृष्णेवरून पाणी आणावं लागलं. पाणी भरून झालं की भाकऱ्या, पोरांचे डबे आणि स्वतःच्या डब्यात भाकरी, खर्डा, असली तर भाजी.

सकाळी आठ. शेडमधले माग रात्रभर चालूच असतात. पाळी बदलली, कामगार बदलले, खडखडाट तसाच. आत शिरल्यावर बोलणं संपतं. मग हातवारे आणि ओठांची हालचाल. कांडीवाली अक्का कोपऱ्यातल्या कांडी मशीनपाशी बसते. स्टँडवर सुताचे कोन, समोर ओळीनं फिरणाऱ्या चात्या. कोनावरचं सूत कांडीवर गुंडाळलं जातं, भरलेली कांडी काढायची, रिकामी चढवायची, तुटलेली तार शोधून सांधायची. एक चाती भरते तोवर दुसरीची तार तुटलेली असते. मान वर काढायला फुरसत नाही.

ही कांडी धोट्यात बसते. धोटा ताण्याच्या तारांमधून मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकतो. अशा वेगानं एक कांडी काही मिनिटांतच रिकामी होते. एका कामगाराकडे चार-सहा, कुठे आठ माग. प्रत्येकाला कांडी हवी, तीही घट्ट आणि सारखी भरलेली. सैल भरली तर बाणा ढासळतो, कापडात गुंता येतो, आणि तो डाग कापड तपासताना कामगाराच्या नावावर जातो. म्हणून जुना कामगार कांडी हातात घेतली की अंगठ्यानं दाबून बघतो. मला वाटतं, साऱ्या शेडमध्ये अक्काच्या हाताची पारख सगळ्यांत नेमकी तोच करतो.

अकराला चहा येतो. तोपर्यंत केसांवर, भुवयांवर कापसाची बारीक रुई बसलेली असते.

दुपारी एक. डबा मशीनच्या बाजूलाच उघडतो. समोरून सायझिंगचं बीम आत येत असतं. खळ पाजलेल्या हजारो तारा त्यावर गुंडाळलेल्या. वहीफणीवाले ती तार न तार ओवून देतात, तेव्हा माग चालू होतो. दिवाणजी वहीत मीटर आणि पिक, म्हणजे इंचातले आडवे धागे, लिहितो. कामगाराची मजुरी पिकावर ठरते, 52 पिकाच्या कापडाचा दर हा त्याचा पाया. मजुरीवाढीच्या आंदोलनांत हाच आकडा वर्षानुवर्षं घोषणांमध्ये ऐकू आला. कांडीवालीच्या मजुरीची घोषणा क्वचितच कुणी दिली.

गावाच्या इतिहासात नावं मात्र बरीच आहेत. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ त्यामागे होतं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा याच गावाचं नाव लावत. 1974 चं साहित्य संमेलन इथे झालं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. आचार्य शांताराम गरुडांनी 1977 मध्ये समाजवादी प्रबोधिनी इथेच सुरू केली. गावाला या सगळ्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण या इतिहासाच्या पानांत कांडी भरणारी बाई मला कुठे भेटत नाही. गावात पैसा आला तो कापडातून, आणि त्या कापडाचा प्रत्येक आडवा धागा तिच्या हाताखालून गेलेला आहे.

चारच्या सुमाराला वीज जाते. माग थांबतात आणि कानांत अचानक पोकळी होते. तेवढ्या वेळात बायका बोलून घेतात, मराठीत आणि कानडीत: पोराची फी, भिशीचा नंबर, दुखणारा गुडघा. वीज आली की पुन्हा ओठांची भाषा.

संध्याकाळी सहा. बहुतेक शेडमध्ये कांडीवाली रात्री नसते. म्हणजे रात्रपाळीला पुरतील इतक्या कांड्या जायच्या आधी भरून ठेवायच्या. दिवसाचा हा शेवटचा तास सगळ्यांत धावपळीचा. मग घर, चूल, धुणं. एखाद्या सभागृहात त्याच वेळी व्याख्यान सुरू होतं. तिला तिथे पोचता येत नाही.

आता गावात रॅपियर आणि एअरजेट माग वाढताहेत. त्यांना धोटा नसतो, बाणा थेट कोनावरून ओढला जातो, त्यामुळे कांडी लागतच नाही. साधे माग भंगारात निघाले की हे कामही संपेल. इचलकरंजीतल्या, मालेगाव-भिवंडीतल्या वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या आईनं, आजीनं, शेजारच्या मावशीनं कांड्या भरल्या असतील, तर तिच्यापाशी बसा. कोणत्या गल्लीत, कोणत्या साली, किती मजुरीवर काम केलं, ते तिच्या शब्दांत लिहून घ्या आणि गावच्या वाचनालयात नेऊन द्या.