धूर सोडताना – ७ : दोष निग्रहाचा नाही, चहाचा

वजनवाढीचा विषय पुढच्या रविवारी घेऊ. एका वाचकांच्या पत्राला उत्तर देणं त्याहून निकडीचं वाटतं. हे गृहस्थ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम करतात. सिगारेट बंद करून त्यांना बारा दिवस झाले. तलफ आवरते म्हणतात, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, हात थरथरतात. ‘माझा निग्रहच कच्चा आहे का?’ असं त्यांनी विचारलंय. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की ओढावंसं वाटलं की चहा घेतो, दिवसाला सात-आठ कप होतात.

माझा संशय त्या सात-आठ कपांवर आहे.

चहातलं कॅफिन निकामी करण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. धुरातल्या डांबरी रसायनांमुळे ते एन्झाइम वाढतं आणि कॅफिनचा फडशा लवकर पडतो. न ओढणाऱ्याच्या रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला ५ ते ६ तास लागतात. ओढणाऱ्याचं साडेतीन तासांच्या आसपास येतं. ही करामत धुराची, निकोटिनची नव्हे. त्यामुळे बिडी-सिगारेटवाल्यांना हे लागू आहे, तंबाखू मळणाऱ्यांना किंवा मिश्री लावणाऱ्यांना नाही. धूर थांबला की आठवडाभरात ते एन्झाइम पूर्वपदावर येतं, आणि चहा तेवढाच ठेवला तरी रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होतं. आमच्या या वाचकांनी तर चहा वाढवलाय.

झोप उडणं आणि चिडचिड निकोटिन सुटल्यावरही होते, म्हणून फसगत होते. पण निकोटिन सुटलं की नाडी उलट मंदावते. धडधड आणि थरथर ऐकली की म्हणूनच मी आधी चहाचे कप मोजायला सांगतो. कितीतरी माणसं या धडधडीला घाबरून ‘आपल्याला जमत नाही’ म्हणत पुन्हा पाकिटाकडे वळतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांचं मन खंबीरच असतं.

मग चहा तोडायचा का? मुळीच नको. कॅफिन एकदम तोडलं की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, आणि एका वेळी दोन आघाड्या कशाला उघडायच्या? चहा निम्मा करा. कपाऐवजी कटिंग घ्या, शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. मधल्या वेळी ताक किंवा साधं पाणी चालेल. चहा सोडू नका, टपरी मात्र महिनाभर सोडा. तिथे एका हातात ग्लास आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो. चहा आत बसून घ्या, कप दोन्ही हातांनी धरा, संपला की लगेच उठा. चहा कमी करूनही धडधड थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट महत्त्वाची. दम्यावरचं थिओफिलिन आणि मानसिक आजारावरचं क्लोझापिन ही औषधंही याच एन्झाइमच्या हाती असतात. सिगारेट सोडल्यावर त्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढतं. ही औषधं घरात कुणी घेत असेल, तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तेच ठरवतील. गोळी स्वतःहून कमी करू नका.